रिकामी दिसणारी लेन

थोडं मोठं लिहितेय. वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा. अर्धवट वाचून भांडायला येऊ नका, पूर्ण वाचून या, मग निवांत भांडू.

नाशिकला मेट्रो कधी, हा प्रश्न आपल्याकडे लग्नात, दहाव्याला, सोसायटीच्या मीटिंगला, कुठेही निघतो. १ फेब्रुवारी २०२१ ला केंद्राच्या अर्थसंकल्पात नाशिकचं नाव घेऊन २,०९२ कोटींचा प्रकल्प जाहीर झाला, तेव्हा आमच्या ऑफिसात पेढे वाटले होते. गंगापूर ते नाशिकरोड आणि गंगापूर ते मुंबई नाका, मिळून साधारण ३३ किलोमीटर. नाव ‘मेट्रो निओ’. त्यानंतर इतकी वर्षं गेली, हे लिहीपर्यंत एक खांब उभा नाही. मधल्या काळात चर्चा मात्र जोरात आहे. कुणी म्हणतं निओ नको, खरी मेट्रो द्या. कुणी म्हणतं मेट्रो झेपणार नाही, लाईट रेल करा. आणि चुकून कुणी ‘बीआरटी’ म्हणालं की सगळे हसतात. पुण्याचं काय झालं बघितलं ना, म्हणतात.

मी त्या हसणाऱ्यांसाठी लिहितेय. माझं मत आधीच सांगते. आपल्या आकाराच्या शहराला आजच्या घडीला राखीव लेनमधून धावणारी चांगली बस हवी. फक्त एक अट आहे. त्या बसला आपण रेल्वेइतकाच मान, पैसा आणि कायद्याचा आधार दिला पाहिजे. ते जमणार नसेल तर बीआरटी करूच नये, कारण अर्धवट केलेली बीआरटी बसचंच नाव खराब करते.

मी इंजिनियर नाही. सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे, राहायला उपनगरला. वीस वर्षं दुसऱ्यांचे हिशोब तपासतेय, म्हणून हाही हिशोबासारखाच मांडते.

आधी माझं यात काय अडलंय ते सांगते, म्हणजे हवेत बोलतेय असं वाटायला नको.

घरात चार माणसं आणि तीन दुचाकी. माझी, मिस्टरांची, मुलाची. हप्ते, पेट्रोल, सर्व्हिसिंग, विमा धरून महिन्याला नऊ-दहा हजार जातात. मुलगी बारावीला आहे. अठरा पूर्ण झाली की चौथी गाडी घ्यायची, असं घरात सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. मला ती गाडी घ्यायची नाहीये. पैशाचं कारण नंतर, आधी कारण द्वारका. सकाळी साडेआठला त्या चौकात ट्रक, ट्रॅव्हल्स, रिक्षा आणि स्कूटीवरच्या पोरी एकाच वेळी कशा घुसतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना जास्त सांगायला नको.

आई ७१ वर्षांची. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दुचाकीवर मागे बसता येत नाही. मावशी पंचवटीत राहते. पूर्वी दोघी दर गुरुवारी भेटायच्या, आता दोन महिन्यांतून एकदा. रिक्षाचे जाऊन-येऊन चारशे होतात आणि ते माझ्याकडून घ्यायला तिला आवडत नाही. आईचं शहर आमच्या गल्लीएवढं झालंय.

आणि कारखान्यातले कंत्राटी हेल्पर. सेकंड शिफ्ट रात्री साडेअकराला सुटते. एका मोटरसायकलवर तिघं बसून सिडकोपर्यंत, पाथर्डी फाट्यापर्यंत जातात. त्यांच्यातल्या कुणाला विचारा बीआरटी हवी की लाईट रेल. तो विचारेल, साडेअकराला असेल का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पण त्याआधी शब्दांचा घोळ सोडवू.

बीआरटी म्हणजे बसला रस्त्यात स्वतःची लेन. शक्यतो रस्त्याच्या मधोमध, थांब्याचा फलाट बसच्या दाराच्या उंचीचा, तिकीट आधीच काढलेलं, सिग्नलला बसला प्राधान्य. ब्राझीलच्या कुरितिबा शहराने हे १९७४ मध्ये सुरू केलं. लाईट रेल म्हणजे आधुनिक ट्राम: लोखंडी रूळ, विजेवर चालणारे दोन-तीन डबे, मेट्रोपेक्षा लहान आणि स्वस्त. आपल्याकडे केंद्राने याला ‘मेट्रो लाईट’ नाव दिलं. आणि मेट्रो निओ म्हणजे काय? रबरी टायर, वरून विजेची तार, लांबलचक जोडबस, आणि ती बरीचशी खांबांवरच्या पुलावरून धावणार. नावातली ‘मेट्रो’ बाजूला ठेवली तर ती पुलावर चढवलेली ट्रॉलीबस आहे. म्हणजे नाशिककर ज्याला मेट्रो म्हणून पेढे वाटत होते ती मुळात बसच होती. फक्त रस्त्यावर तिला लेन देण्याचं भांडण नको म्हणून वर उचललेली.

हे मी कमीपणा दाखवायला म्हणत नाही. वर उचलण्याचे फायदे आहेत. पण त्याची किंमत किती आणि त्यातून मिळतं किती, एवढं तरी बघायला हवं.

पहिला हिशोब वेळेचा. आपल्या शहरात माणूस फार लांब जात नाही. सोयीसाठी सहा किलोमीटरचा प्रवास धरा, म्हणजे उपनगर ते सीबीएसच्या आसपास. आज गर्दीच्या वेळी बस सगळ्या वाहनांच्या मधून ताशी १४ किलोमीटरने जाते असं समजू. वेळ लागला २६ मिनिटं. राखीव लेनमधून तीच बस ताशी २२ ने गेली तर १६ मिनिटं. वरून लाईट रेल ताशी ३० ने गेली तर १२ मिनिटं. आता बघा, साध्या बसवरून लेनमधल्या बसवर आलात की दहा मिनिटं वाचली. लेनमधल्या बसवरून रेल्वेवर गेलात की आणखी चारच. आणि ती चार मिनिटं दोन मजले चढण्यात आणि उतरण्यात गेली. त्यात स्टेशनं एक-सव्वा किलोमीटरवर, थांबे पाचशे मीटरवर. माझ्या आईला कुठलं जमेल तुम्हीच सांगा. लिफ्ट असेल, हो. ती चालू असेल, ही प्रार्थना.

वीस किलोमीटर जायचं असतं तर हा हिशोब उलटा झाला असता. मोठ्या शहरात रेल्वे जिंकते ती अंतरामुळे आणि गर्दीमुळे. मध्यम शहरात दोन्ही तेवढी नसतात.

दुसरा हिशोब गर्दीचा. साध्या १२ मीटरच्या बसमध्ये बसून-उभे धरून ६५ माणसं धरा. लेनमध्ये दर मिनिटाला एक बस सोडली तर तासाला एका दिशेने ३,९०० माणसं. जोडबस लावली, १२५ माणसांची, तर साडेसात हजार. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत मेट्रो निओ सुचवलीय ती तासाला सुमारे आठ हजारांपर्यंत प्रवासी असलेल्या मार्गांसाठी आणि मेट्रो लाईट पंधरा हजारांपर्यंतच्या. म्हणजे निओ जेवढं वाहणार तेवढं चांगली बीआरटी जमिनीवरूनच वाहते. बोगोटा शहरात ‘ट्रान्समिलेनिओ’ २००० मध्ये सुरू झाली. दोन्ही दिशांना बससाठी दोन-दोन लेन देऊन तिथे काही मार्गांवर तासाला चाळीस हजारांच्या वर माणसं नेली गेली. तेवढी आपल्याला लागतही नाहीत. २०११ च्या जनगणनेत आपण १४ लाख ८६ हजार होतो, आज वीसच्या पुढे धरा. तरी आपण बोगोटा नाही.

तिसरा हिशोब पैशाचा. निओ किलोमीटरला सुमारे ६३ कोटी. पुणे मेट्रोचा पहिला टप्पा ३१ किलोमीटरसाठी ११,४२० कोटी धरला होता, म्हणजे किलोमीटरला साडेतीनशेच्या वर. शेजारचं हुबळी-धारवाड बघा. आपल्यापेक्षा लहान जुळं शहर, २२ किलोमीटरची बीआरटी, खर्च हजार कोटींच्या आसपास. म्हणजे बीआरटीही फुकट होत नाही. रस्ता रुंद करायचा, जागा घ्यायची, पूल बांधायचे, यातच पैसा जातो. जी बीआरटी ‘फक्त रंग मारून’ होते असं कुणी सांगेल, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

पण बसच्या बाजूने एक हिशोब असा आहे जो कुणी मांडत नाही. द्वारका ते नाशिकरोड आणि पुढे सीबीएसपर्यंत मिळून जाऊन-येऊन २० किलोमीटरचा फेरा धरा. ताशी १४ च्या वेगाने एका फेऱ्याला, टोकावरची दहा मिनिटं धरून, ९६ मिनिटं. दर दोन मिनिटांनी बस हवी तर ४८ बस लागतील. लेन देऊन वेग २२ केला की फेरा ६५ मिनिटांचा. बस लागतील ३३. म्हणजे नुसती लेन दिल्याने १५ बस मोकळ्या झाल्या. एकही बस विकत न घेता! त्या १५ बस आणि त्यांचे ड्रायव्हर दुसरीकडे, नाहीतर रात्री साडेअकराला सातपूरला पाठवता येतील. लेन म्हणजे काँक्रीटचा पट्टा वाटतो, पण प्रत्यक्षात ती बस तयार करण्याचा कारखाना आहे.

आज शहरात ‘सिटीलिंक’च्या सुमारे अडीचशे बस आहेत. जुलै २०२१ पासून महापालिकेची कंपनी ही सेवा चालवते. गाड्या ठेकेदाराच्या, पैसे किलोमीटरप्रमाणे. केंद्राचं सेवा-मानक म्हणतं, चांगल्या सेवेला हजार माणसांमागे ०.६ बस हव्यात, म्हणजे लाखाला साठ. २०११ ची लोकसंख्या धरली तरी आपण लाखाला सतराच्या आसपास. निओच्या २,०९२ कोटींतले साडेसातशे कोटी घेतले आणि एक इलेक्ट्रिक बस दीड कोटीची धरली तर पाचशे बस येतात. म्हणजे आजच्या तिप्पट ताफा. उरलेल्या साडेतेराशे कोटींत लेन, थांबे, डेपो, चार्जिंग.

इथपर्यंत बस जिंकतेय. मग पुढचा प्रश्न बरोबर येतो: एवढं सोपं असेल तर बीआरटी जिथे केली तिथे मोडली का?

मोडली, हे खरं आहे. पुण्याने डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशात पहिली बीआरटी सुरू केली. नगर रस्त्यावरची बीआरटी अलीकडे काढून टाकली गेली. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा सहा किलोमीटरच्या आतला पट्टा २००८ मध्ये आला, २०१६ मध्ये उखडला. भोपाळने २०२४ मध्ये काढायला घेतली. इंदूरची साडेअकरा किलोमीटरची ‘आयबस’ तर चांगली भरून धावत होती. तिचीही मार्गिका काढण्याचा निर्णय २०२५ मध्ये हायकोर्टाच्या परवानगीने झाला. हुबळीतही लेन सगळ्यांना खुली करा अशी मागणी होतेच आहे.

या सगळ्या ठिकाणी तक्रार एकच: ‘शेजारी आम्ही जाममध्ये उभे आणि बसची लेन रिकामी!’

ही तक्रार डोळ्यांना पूर्ण पटते, म्हणूनच ती घातक आहे. दर मिनिटाला एक बस, म्हणजे बस तुमच्यासमोरून पाच सेकंदांत गेली आणि पुढची पंचावन्न सेकंदं लेन रिकामी. तेवढ्यात शेजारच्या लेनमध्ये गाडीला गाडी चिकटलेली. कुठली लेन जास्त काम करतेय? भरलेली दिसते ती गाड्यांची. पण एका लेनमधून तासाला हजार-बाराशे कार जातात, एका कारमध्ये सरासरी दीड माणूस. अठराशे झाले. रिकामी दिसणारी लेन ३,९०० माणसं घेऊन गेली. लेन चांगली चालली तर ती रिकामीच दिसणार. जाम झाला असता तर ती लेन कशाला म्हणायची? आपण रेल्वेच्या रुळांकडे बघून कधी म्हणतो का, अरे दहा मिनिटं झाली, रूळ रिकामे आहेत, गाड्या सोडा यावरून?

अर्थात, लेनमधून दर दहा मिनिटांनी एक बस जात असेल तर लोकांचा राग खरा आहे. तेव्हा ती लेन खरोखर वाया जातेय. पुण्याचा हा धडा आहे. लेन आधी केली, बस नंतर येतील म्हणाले, त्या पुरेशा आल्या नाहीत. क्रम उलटा हवा. आधी त्या रस्त्यावर दोन-अडीच मिनिटांना बस, मग लेन.

आता रेल्वेच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा. आमचे मिस्टर हाच मांडतात आणि मला तो सहज खोडता येत नाही. ते म्हणतात, ‘तुझी लेन एका आमदाराच्या एका फोनवर जाईल. खांबावरचा रूळ कुणी काढणार नाही. म्हणून तर लोक स्टेशनजवळ घर घेतात, बसस्टॉपजवळ घेत नाहीत.’ बरोबर आहे. लाईट रेलचे डबे तीस वर्षं चालतात, बस बारा वर्षांत भंगारात. लोखंडी चाकाला वीज कमी लागते. प्रवास गुळगुळीत. एका ड्रायव्हरमागे जास्त माणसं. हा शेवटचा मुद्दा युरोपात फार मोठा आहे, कारण तिथे पगार हाच मुख्य खर्च. आपल्याकडे तेवढा नाही.

पण ‘रूळ कायमचे असतात’ हे अर्धंच खरं आहे. आपल्याच गावाचं उदाहरण घ्या. नाशिकला ट्राम होती! १८८९ च्या सुमारास सुरू झाली, मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत, घोडे ओढायचे. तिचा सल्लागार इंजिनियर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. पुढे ज्याने बार्शी लाईट रेल्वे उभी केली तोच. म्हणजे आज ज्या नाशिकरोडच्या मार्गासाठी आपण लाईट रेल मागतोय, तिथे सव्वाशे वर्षांपूर्वी एक प्रकारची लाईट रेल होतीच. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. आज तिचा रूळ कुणाला दाखवता येईल? मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ ला गेली. कोलकात्याची १८७३ पासूनची. तिचे राखीव पट्टे हळूहळू गाड्यांना खुले केले, मग ट्राम गाड्यांमध्ये अडकू लागली, मग लोक म्हणाले ट्राममुळे जाम होतो. २०२४ मध्ये सरकारने एक छोटा वारसा-मार्ग सोडून बाकी बंद करायचं जाहीर केलं. रूळ होते. जागा राखली नाही, म्हणून रूळ उपयोगाचे राहिले नाहीत.

खांबांवर नेलं की हा धोका टळतो, मान्य. पण मग ती ‘लाईट’ राहत नाही, मेट्रोच होते आणि मेट्रोचाच खर्च मागते. युरोपातली जी लाईट रेल आपल्याला व्हिडिओत आवडते, ती जमिनीवर असते. फ्रान्सच्या स्ट्रासबुर्गने १९९४ मध्ये ट्राम आणली ती शहराच्या मध्यातून गाड्या हटवून. म्हणजे त्यांनी तेच भांडण केलं जे आपण टाळतोय. बस असो की ट्राम, रस्त्यावरची जागा मागावीच लागते.

फ्रान्सचंच आणखी एक गाव, नान्सी. तिथे २००१ मध्ये रबरी टायरची, वरून वीज घेणारी, रस्त्यातल्या एका रुळाने दिशा धरणारी गाडी आणली. ना धड बस, ना धड ट्राम. ती एकच कंपनी बनवायची. कां शहरानेही तीच घेतली. बिघाड होत राहिले, सुटे भाग मिळेनात. कांने २०१७ अखेर ती बंद करून खरी ट्राम आणली. नान्सीने २०२३ मध्ये बंद केली आणि साध्या ट्रॉलीबस घेतल्या. निओचा विचार करताना हे गाव माझ्या डोक्यातून जात नाही. निओला तसा रूळ नाही, हे मला माहीत आहे. पण जी वस्तू बाजारात दहा ठिकाणी मिळते तीच घ्यावी, हे आमच्या स्टोअर्समधला पोरगाही सांगेल.

मग रेल्वे कधीच नको का? हवी, पण वेळ आल्यावर. कॅनडाचं ओटावा, आपल्यासारखंच दहा-पंधरा लाखांच्या घरातलं शहर. १९८३ पासून त्यांनी बससाठी वेगळे रस्ते बांधले. बसला माणसं मिळाली, इतकी की शहराच्या मध्यात बसमागे बस उभ्या राहू लागल्या. मग त्यांनी त्याच मार्गावर २०१९ मध्ये लाईट रेल आणली. छत्तीस वर्षं बसने प्रवासी जमवले, मग रूळ टाकले. आणि तीही लगेच नीट चालली नाही. दारं अडकली, २०२१ मध्ये दोनदा गाडी रुळावरून घसरली, सार्वजनिक चौकशी बसली. रूळ टाकले म्हणजे प्रश्न संपला, असं होत नाही. चालवणारी माणसं आणि देखभाल चांगली लागतेच.

आपल्यालाही हाच रस्ता दिसतो. आज लेन अशी आखा की उद्या तिथे रूळ टाकता येतील. गर्दीच्या तासाला एका दिशेने आठ-दहा हजार माणसं दिसू लागली, बस एकमेकींच्या मागे अडकू लागल्या, की मीच लाईट रेलच्या बाजूने पोस्ट लिहीन.

आता आपल्या रस्त्यांवर येऊ. सगळीकडे लेन होणार नाही. शालिमार, मेन रोड, रविवार कारंजा इथे कुणी लेन आखायचा विचारही करू नये. जागाच नाही. खांबालाही नाही. पण द्वारका ते बिटको रुंद आहे. त्र्यंबक रोड सीबीएस ते सातपूर रुंद आहे. बसची खरी मजा इथे आहे: रुंद रस्त्यावर ती लेनमधून पळेल, आणि पुढे लेन सोडून सिडकोच्या आत, पवननगरला, उत्तमनगरला साध्या बससारखी शिरेल. माणसाला गाडी बदलावी लागत नाही. रेल्वेला हे जमत नाही, ती तुम्हाला नाक्यावर सोडते आणि पुढे रिक्षा. पिंपरी-चिंचवडमध्ये २०१५ पासून अशीच पद्धत आहे, लेनमधली बस बाहेरही जाते. तिथे ती टिकलीय यामागे एक कारण आहे. त्यांचे रस्ते मुळातच रुंद होते आणि बसची लेन रस्त्याच्या आराखड्यातच धरलेली होती. राजकोटनेही, आपल्यापेक्षा थोडं लहान शहर, २०१२ पासून रिंगरोडवर साडेदहा किलोमीटरचा एकच पट्टा चालवला. पहिल्याच दिवशी शंभर किलोमीटरची घोषणा केली नाही.

म्हणून आत्ताची वेळ महत्त्वाची आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामं निघालीत. रस्ता रुंद करतानाच लेन राखली तर कुणाच्या हातातलं काही काढून घ्यावं लागत नाही. एकदा ती वाढीव जागा गाड्यांनी आणि पार्किंगने भरली, की मग प्रत्येक फूट हिसकावून घ्यावा लागेल आणि ते कुणालाच जमणार नाही. शिवाय पर्वणीच्या दिवशी लाखो माणसं येतात. त्यासाठी एसटीच्या जादा बस आणून याच लेनमधून सोडता येतात. रेल्वेचे जादा डबे चार दिवसांसाठी कुठून आणणार?

मी म्हटलं होतं, बसला रेल्वेइतका मान द्या. म्हणजे नेमकं काय? मेट्रोला कायदा असतो, स्वतंत्र कंपनी असते, वर्षानुवर्षांचा निधी बांधलेला असतो. बसला एक ठराव असतो. रस्ता एकाचा, सिग्नल पोलिसांचा, बस तिसऱ्याची, आणि महामार्ग असला तर चौथा मालक दिल्लीत. त्यामुळे माझ्या मागण्या साध्या आहेत. लेन अधिसूचित करा आणि कॅमेऱ्याने दंड लावा, त्यात लाल दिव्याची गाडीही आली. ठेकेदाराला किलोमीटरचे पैसे आणि त्याच्याकडून ड्रायव्हर-कंडक्टरना पगार वेळेवर जातोय का, हे दर महिन्याला जाहीर करा. लेनच्या रस्त्यावर दोन मिनिटांना बस आधी सुरू करून दाखवा. थांब्यापर्यंत सलग फूटपाथ द्या, आईला चढता येईल अशा उंचीचा फलाट द्या. आणि शेवटची बस शिफ्ट सुटल्यावर सोडा, आधी नाही.

यातली एकही गोष्ट उद्घाटनाच्या फोटोत चांगली दिसणार नाही, हे मला कळतं. खांबावरून सरकणारी गाडी दिसते. साडेअकराला सातपूरहून सुटलेली बस फक्त तिच्यात बसलेल्या चाळीस जणांनाच दिसते.

तुमच्या प्रभागात कुणी मेट्रोचं आश्वासन घेऊन आलं तर त्यांना नम्रपणे दोनच प्रश्न विचारा. ती येईपर्यंतची वर्षं आमच्या घरातले म्हातारे आणि पोरं कशाने फिरणार? आणि आत्ता रुंद होणाऱ्या रस्त्यात बससाठी साडेतीन मीटर राखणार की नाही, हो की नाही सांगा. उत्तर काय मिळालं ते इथे लिहा, प्रभागाच्या नावासकट. मी यादी करतेय.